साधा मिररलेस की व्यावसायिक? फोटोची वाट कोण पाहतंय, ते आधी ठरवा

लग्नसराई तोंडावर आली की मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांचे मला ठरलेले फोन येऊ लागतात. "दादा, कॅमेरा घ्यायचाय. साठ-सत्तर हजारांत भागेल, की थोडं कर्ज काढून एकदाच मोठा घेऊन टाकू?" साताऱ्यात बरीच वर्षं लग्नं, बारशी आणि जत्रांचे फोटो काढतो आहे, म्हणून मुलं विश्वासाने विचारतात. मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, तुझ्या फोटोची वाट कोण पाहणार आहे?

फोटोची वाट फक्त तुम्हीच पाहत असाल, तर एखादा फोटो हुकला की हळहळ वाटते आणि पुढच्या रविवारी आपण परत जातो. पण नवरीचे आईवडील, वर्तमानपत्राचा संपादक किंवा पैसे मोजलेला गिऱ्हाईक वाट पाहत असेल, तर परत जायची सोय नसते. महागडा कॅमेरा मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. त्याच्या किमतीतला मोठा वाटा 'दगा देऊ नये' यासाठी असतो. चित्र किती सुंदर येतं, याचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

पहिली पायरी: दहा फोटो कागदावर लिहा

येत्या वर्षात तुम्हाला कोणते दहा फोटो काढायचे आहेत ते लिहा. 'निसर्ग', 'पोर्ट्रेट' असे मोघम शब्द नकोत. प्रत्येक फोटोपुढे चार गोष्टी लिहा: उजेड किती, अंतर किती, समोरचं हलतंय का, आणि वाट कोण पाहतंय.

कराडच्या एका शिक्षिकेने मागे अशी यादी करून आणली होती. चुलीपुढची आजी. गॅदरिंगमध्ये लेझीम खेळणारा भाचा. कासच्या पठारावरची फुलं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो). तिच्या यादीत परक्या माणसाचा एकही फोटो नव्हता. मी तिला सुरुवातीची बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), एक उघड्या तोंडाची, जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स आणि पुढेमागे एक लांब लेन्स एवढंच सुचवलं. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या मुलाने तीन लग्नांची आगाऊ रक्कम घेतली होती आणि बघत होता तो बिनव्ह्यूफाइंडरचा, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी नसलेला व्लॉगिंग कॅमेरा. दोघांचं बजेट जवळपास सारखंच होतं, उत्तर मात्र वेगळं द्यावं लागलं.

दुसरी पायरी: जास्तीच्या पैशांत काय मिळतं ते समजून घ्या

उदाहरणाला एकाच घरातली दोन भावंडं घेऊ. कॅननचा आर५० हा २०२३ मध्ये आलेला सुरुवातीचा कॅमेरा आणि आर६ मार्क टू हा २०२२ च्या अखेरीस आलेला, लग्नाच्या कामात सर्रास दिसणारा कॅमेरा. मॉडेलं बदलत राहतील, तुलना करायची रीत हीच राहील.

दोन्हींचे मेगापिक्सेल सारखेच, २४.२. दोन्ही कॅमेरे माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात. अंगणात सकाळच्या उन्हात दोघांनी काढलेले फोटो मोबाइलवर पाहिले, तर कुठला कोणाचा हे मलाही सांगता येणार नाही. मग किंमत तिप्पटीच्या घरात का जाते?

पहिलं कारण म्हणजे दोन कार्डं. आर५० मध्ये एकच कार्ड बसतं. आर६ मध्ये दोन बसतात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरवता येतो. ही सोय मला फार उशिरा कळली. सुरुवातीच्या दिवसांत एका लग्नात माझ्याकडे एका कार्डाचा कॅमेरा होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, कन्यादान झालं, आणि सप्तपदीच्या आधी पडद्यावर अक्षरं आली की कार्ड वाचता येत नाही. रात्रभर बसून सॉफ्टवेअरने बहुतेक फोटो परत मिळवले. अंतरपाट दूर होतानाचे फोटो मात्र गेले ते गेलेच. ते सांगायला मी मुलीच्या वडिलांच्या घरी गेलो. ते रागावले नाहीत. "तेवढाच तर बघायचा होता," एवढंच म्हणाले. तेव्हापासून पैसे घेऊन लग्न करणाऱ्याने एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर एकट्याने काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. यावर मी वाद घालत नाही.

दुसरं कारण बॅटरी. आर५० ची बॅटरी १,०४० एमएएचची, आर६ ची २,१३० ची. हळदीपासून वरातीपर्यंतच्या दिवसात हा दुपटीचा फरक जाणवतो. मिररलेसमध्ये तुम्ही नुसते बघत असलात तरी पडदा आणि सेन्सर (प्रकाश टिपणारी आतली पट्टी) चालूच असतात. जुन्या डीएसएलआरवरून, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावरून आलेल्यांना पहिल्या दिवशी याचाच धक्का बसतो.

तिसरं म्हणजे बटणं आणि चाकं. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. आर५० वर शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील) बदलायला मुख्य चाक एकच. आर६ वर तिन्हींसाठी वेगवेगळी चाकं आणि फोकसचा बिंदू हलवायला अंगठ्याखाली छोटी काडी. मांडवातून उन्हात आणि उन्हातून मांडवात धावणाऱ्याला डोळा न काढता हे सगळं बदलता यावं लागतं. पठारावर फुलापुढे गुडघे टेकून बसलेल्याला एका चाकानेही काही अडत नाही.

चौथं म्हणजे बॉडीतलं स्थिरीकरण. आर६ मध्ये सेन्सर स्वतः हलून हाताचा कंप शोषून घेतो, आर५० मध्ये ही सोय नाही. पण गैरसमज नको. त्याने तुमचा हात स्थिर होतो, समोरचा माणूस नाही. देवळातल्या मूर्तीचा फोटो १/१० सेकंदाला हातात धरून मिळेल, त्याच वेगाने लेझीमवाल्या पोराचा मात्र पुसटच येईल.

पाचवं म्हणजे धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण. जेजुरीला सोमवतीला गेला असाल तर भंडारा काय चीज आहे ते ठाऊक असेल. तो हवेत तरंगतो आणि केसांच्या मुळांत, कानांत, खिशांत शिरतो. बॉडीबरोबरच मिळणारी किट लेन्स झूम करताना नळीसारखी बाहेर येते आणि आत जाताना हवेबरोबर ती पिवळी पूड ओढून घेते. मी एकदा तिथल्या पायऱ्यांवर लेन्स बदलली. घरी येऊन आभाळाचे फोटो उघडले तर प्रत्येकात एकाच जागी तेच डाग. सेन्सर साफ करून घ्यावा लागला. महागड्या बॉडीच्या सांध्यांना रबर असतं, पण लेन्सच्या मागच्या कड्यालाही रबर नसेल तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. आणि संरक्षण म्हणजे जलरोधक नव्हे. वारीच्या पावसात लाखाच्या कॅमेऱ्यावरही प्लास्टिकची पिशवी घालावीच लागते.

छोट्या कॅमेऱ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम भरतो, आर६ मार्क टू ६७० ग्रॅम. त्यात लेन्सची भर घाला. जो कॅमेरा घरातून बाहेर निघतो त्यानेच फोटो येतात. ज्यांनी हौसेने मोठा कॅमेरा घेतला आणि तो वजनामुळे कपाटातच राहिला, अशी चार-पाच घरं मला माहीत आहेत.

तिसरी पायरी: अंधाराचं गणित स्वतः मांडून बघा

"अंधारात फोटो खराब येतात, म्हणून फुल फ्रेम हवा," हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो. पाच मिनिटं काढून आकडे मांडा.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो. तो निकॉन-सोनीत साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर आणि कॅननमध्ये त्याहून थोडा लहान असतो. क्षेत्रफळ काढलंत तर मोठा सेन्सर सुमारे अडीच पट भरतो. म्हणजे त्याच अ‍ॅपर्चरला, त्याच शटरला अडीच पट प्रकाश गोळा होतो. फरक खराच आहे.

आता लेन्सकडे या. किट लेन्स पुढे ताणली की तिचं तोंड एफ/६.३ पर्यंत लहान होतं (एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान). ५० मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स घेतलीत तर ६.३ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग, म्हणजे बारा पटींहून जास्त प्रकाश. जिथे किट लेन्सला आयएसओ १२,८०० लागत होता, तिथे ही लेन्स १,००० च्या आसपास काम भागवते. सेन्सर बदलून अडीच पट, लेन्स बदलून बारा पट. खर्चाचं पारडं मात्र नेमकं उलट झुकलेलं. अशी लेन्स मोठ्या बॉडीच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात मिळते.

म्हणून नवख्या माणसाला माझा पहिला सल्ला हाच असतो की किटबरोबर एक प्राइम घ्या आणि सहा महिने तिनेच फोटो काढा. छोट्या सेन्सरवर ५० मिमी थोडी लांब पडते, ७५ ते ८० मिमीसारखी. चेहऱ्यासाठी ती छान, पण घरातल्या छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. घरातलेच फोटो जास्त असतील तर ३० मिमीच्या आसपासची बघा. चुलीपुढच्या आजीसाठी मी तीच घेतली असती.

या गणिताला एक मर्यादा आहे. एफ/१.८ ला फोकसचा पट्टा फार पातळ असतो. स्टेजवर दोन रांगांत उभे राहिलेले चौदा नातेवाईक त्यात मावत नाहीत, पुढची रांग स्पष्ट आणि मागचे काका पुसट. तिथे अ‍ॅपर्चर ५.६ पर्यंत न्यावंच लागतं आणि गेलेला प्रकाश फ्लॅशने किंवा मोठ्या सेन्सरने भरून काढावा लागतो. ग्रुप फोटोंवर ज्याचं पोट आहे, त्याला फुल फ्रेमचा खर्च इथे वसूल होतो.

लांबच्या पक्ष्यांसाठी उलटा हिशोब आहे. छोटा सेन्सर मधला तुकडाच टिपतो, त्यामुळे ४०० मिमीची लेन्स निकॉन-सोनीवर ६०० मिमीसारखी आणि कॅननवर ६४० सारखी दिसते. भिगवणच्या होडीत बसणाऱ्या हौशी माणसाला हा फायदाच आहे.

चौथी पायरी: शटर कुठलं आहे, हे विचाराच

माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत असतं आणि दुकानात कोणी सांगत नाही. कॅमेऱ्यात खरं, हलणारं शटर आहे की फक्त इलेक्ट्रॉनिक?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरची एकेक ओळ वरून खाली वाचत जातं, आणि तेवढ्यात दिवा मंद झाला की फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. नवरीच्या शालूवर असा पट्टा आला तर तो पुसणं फार जिकिरीचं. उपाय म्हणजे हलणारं शटर वापरा, वेग १/१०० किंवा १/५० ठेवा, आणि मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. डेकोरेशनच्या रंगीत एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे हा वेगही कधी पुरत नाही, म्हणून कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चार फोटो काढून मोठे करून बघायचे.

सोनीच्या २०२४ च्या झेडव्ही-ई१० टू या मॉडेलमध्ये हलणारं शटर नाहीच, आणि त्यावर फ्लॅशही चालत नाही. व्हिडिओ करणाऱ्याला तो उत्तम, लग्नात फोटो काढणाऱ्याला मुळीच नको. तसं पाहिलं तर निकॉनच्या झेड८ मध्येही हलणारं शटर नाही, पण त्याचा सेन्सर इतक्या झपाट्याने वाचला जातो की बहुतेक वेळा अडत नाही. महागड्या कॅमेऱ्यात पैसे कुठे जातात त्याचा हा चांगला दाखला आहे.

फ्लॅशचंच आणखी एक. आर५० च्या डोक्यावरच्या खाचेत नव्या पद्धतीचे संपर्कबिंदू आहेत. घरात जुना फ्लॅश असेल तर तो थेट चालत नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. फ्लॅश सोबत घेऊनच दुकानात जा.

व्ह्यूफाइंडरही बघून घ्या. निकॉन झेड३० मध्ये तो नाही. सकाळी घरात काही वाटत नाही, पण दुपारी बारा वाजता पठारावर किंवा समुद्रकिनारी मागच्या पडद्यावर फक्त स्वतःचं तोंड दिसतं.

पाचवी पायरी: बॉडीआधी माउंट निवडा

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ते कडं. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, लेन्स दहा-पंधरा वर्षं राहतात. कॅननचा आरएफ, निकॉनचा झेड आणि सोनीचा ई या तिन्ही माउंटवर छोट्या आणि मोठ्या सेन्सरच्या बॉडी मिळतात. आज छोट्या बॉडीसाठी घेतलेली फुल फ्रेमची प्राइम उद्या मोठ्या बॉडीवर जशीच्या तशी चालते. छोट्या सेन्सरसाठीच बनलेली लेन्स मोठ्या बॉडीवर बसते, पण चित्र कापलं जातं.

सिग्मा-टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपन्यांच्या स्वस्त लेन्सची सर्वाधिक चंगळ सोनीत आहे. निकॉनमध्येही सोय बरी आहे. कॅननने हे दार छोट्या सेन्सरच्या लेन्ससाठी २०२४ पासून उघडलं. घरात वडिलांच्या किंवा काकांच्या जुन्या डीएसएलआरच्या लेन्स पडून असतील तर त्या आधी बाहेर काढा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर छान चालतात. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या अडॅप्टरवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो.

सहावी पायरी: पूर्ण पिशवीची किंमत काढा

बॉडी, लेन्स, दोन चांगली कार्डं, जास्तीची बॅटरी, पिशवी, आणि आपल्या हवेसाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, तिच्या जाळ्या काचेच्या आत पसरतात. फोटो साठवायला हार्ड डिस्कही दोन लागतील. ही बेरीज केल्यावर बॉडी एकूण खर्चाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल, तर बॉडी एक पायरी खाली आणा आणि तो पैसा लेन्सकडे वळवा. कमाईसाठी घेणाऱ्याने आणि जीएसटी नोंदणी असणाऱ्याने आपल्या नोंदणी क्रमांकाचं बिल मागावं. कॅमेऱ्यावर १८ टक्के कर आहे, त्याचा परतावा कुठे, किती मिळतो ते सीएला विचारा.

सातवी पायरी: दोन दिवस भाड्याने घ्या

पुण्या-मुंबईत कॅमेरे रोजाने भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत लागते. आपल्या यादीतला सर्वांत अवघड फोटो निवडा आणि त्याच दिवशी दोन्ही कॅमेरे आणा. एका मुलाने मोठा कॅमेरा घ्यायचं पक्कं केलं होतं. भाड्याचा मोठा कॅमेरा दिवसभर गळ्यात वागवून संध्याकाळी तो म्हणाला, "दादा, मान गेली." त्याने छोटा घेतला. आज तो रोज फोटो काढतो आहे.

ज्याला पैशांचं काम मिळायला लागलंय पण अजून नियमित नाही, त्यानेही हाच मार्ग धरावा. स्वतःचा छोटा कॅमेरा आणि लग्नाच्या दिवशी भाड्याची दोन कार्डांची बॉडी. महिन्याला तीन-चार कामं यायला लागली की भाड्याचे पैसे हप्त्याएवढे होतात. मग मोठा घ्यायला हरकत नाही, आणि तेव्हा छोटा विकू नका. लग्नात दुसरी बॉडी लागतेच.

वापरलेला फुल फ्रेम हा तिसरा रस्ता. २०१८ चा सोनी ए७ थ्री अजूनही उत्तम काम देतो आणि त्यात दोन कार्डं बसतात. घेताना शटर किती वेळा उडालंय तो आकडा मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचं जाळं शोधा, माउंटचं कडं सैल आहे का बघा, कार्डाच्या खाचेत दोन्ही कार्डं घालून फोटो उतरतात का ते तपासा, आणि मूळ बिलावरचा क्रमांक बॉडीच्या खालच्या क्रमांकाशी जुळवा.

आठवी पायरी: दुकानात

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा तुमच्या गावातल्या दुकानात तोच कॅमेरा एकदम आठ-दहा हजारांनी स्वस्त सांगितला, तर तो बिनबिलाचा, बाहेरून आलेला असण्याची शक्यता मोठी. सेवा केंद्रात भारतातली वॉरंटी विचारतात आणि तिथे हा कॅमेरा परका ठरतो. पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड, हे तीन कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

कॅमेरा हातात घ्या आणि करंगळी कुठे जाते बघा. छोट्या बॉडीवर ती खाली लोंबकळते. किट लेन्सने चालतं, जड लेन्स लावली की अर्ध्या तासात मनगट बोलू लागतं.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तीन कामं करा. लेन्सचं झाकण लावून १/३० सेकंदाला एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळ्यावर लाल-निळे ठिपके दिसले तर ते मेलेले किंवा बिघडलेले पिक्सेल. मग एफ/१६ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. शेवटी कार्ड पूर्ण भरेपर्यंत फोटो काढत राहा आणि सगळे संगणकावर उतरतात का ते तपासा. यात काही खटकलं तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बिल घेऊन दारात हजर राहा.